पक्षाघात, रक्त आणि वाचा : जोतीराव फुले यांच्या अखेरच्या आजाराच्या निमित्ताने

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदी ओलांडली म्हणजे शिरवळ लागते, आणि तेथून खंबाटकी घाटापर्यंत पसरलेला मुलूख तो खंडाळा तालुका होय. बोरघाटाच्या माथ्यावरील थंड हवेच्या खंडाळ्याशी नावापलीकडे त्याचा काही संबंध नाही. याच तालुक्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला, आणि १८४० साली त्यांचा विवाह जोतीराव फुले यांच्याशी झाला. फुले यांचे मूळ घराणेही साताऱ्याकडचेच, खटाव तालुक्यातील कटगुणचे. या दांपत्याने काढलेल्या शाळा, सत्यशोधक समाजाची स्थापना, दुष्काळातील कार्य यांविषयी विपुल लेखन झालेले आहे. त्यांच्या संसाराच्या अखेरच्या सव्वादोन वर्षांकडे मात्र चरित्रकारांनी बहुधा एका परिच्छेदापुरतेच पाहिले आहे. ही सव्वादोन वर्षे एका आजाराची होती; आणि तो आजार वैद्यकाच्या इतिहासाला व भाषेच्या अभ्यासाला सारखाच बोधक आहे.

११ मे १८८८ रोजी मुंबईच्या सभेत जोतीरावांना 'महात्मा' ही पदवी अर्पण करण्यात आली. त्यानंतर लवकरच, जुलै १८८८ मध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची उजवी बाजू निकामी झाली. त्यांचे वय त्या वेळी एकसष्ट वर्षांचे होते. त्यांचे स्नेही व सत्यशोधक समाजातील सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले यांनी त्यांच्यावर उपचार केले. जोतीराव त्या झटक्यातून वाचले, परंतु उजवा हात पूर्ववत झाला नाही. डाव्या हाताने लिहिण्याचा सराव करून त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' हा ग्रंथ १८८९ मध्ये पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे देहावसान झाले.

आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्यांचा पहिला प्रश्न सर्व काळी एकच असतो : हे परत येईल काय? हात परत येईल काय, पाय परत येईल काय, वाचा परत येईल काय? १८८८ साली पुण्यात या प्रश्नाचे उत्तर कशाच्या आधारे देता आले असते, आणि आज रक्तातील द्रव्यांच्या मापनाने ते कितपत देता येते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम या रोगाच्या नावांकडे पाहणे उपयुक्त ठरेल, कारण नावांत जुने निदान दडलेले असते. मराठी खेड्यात आजही 'अंगावरून वारे गेले' असे म्हणतात. हे वारे म्हणजे बाहेरून वाहून गेलेली झुळूक, असा अर्थ बोलणाऱ्याच्या मनात आता रुजला असला, तरी त्याच्या मागे आयुर्वेदातील वातदोष उभा आहे. 'अर्धांगवायू' या शब्दात तो उघडच दिसतो. 'वारे गेले' या प्रयोगात शास्त्रातील वायू लोकभाषेत उतरून वारा झाला आहे. 'पक्षाघात' या शब्दातील पक्ष म्हणजे शरीराची एक बाजू आणि आघात म्हणजे तडाखा. ग्रीक भाषेतील या रोगाच्या नावाचा धात्वर्थ 'प्रहार करून खाली पाडणे' असाच आहे, आणि इंग्रजी 'स्ट्रोक' म्हणजेही तडाखाच. परस्परांपासून दूर असलेल्या भाषांनी एकच रूपक निवडावे, याचे कारण रोगाच्या रूपातच आहे : तो हळूहळू चढत नाही, कोसळतो. 'लकवा' हा शब्द अरबीतून आला. मुळात तो तोंड वाकडे होण्यापुरता मर्यादित होता, म्हणजे संस्कृतातील 'अर्दिता'चा समानार्थी. अर्ध्या अंगाच्या विकारास युनानी वैद्यकात 'फालिज' हे वेगळे नाव आहे. मराठीने फालिज जवळजवळ सोडून दिला आणि लकव्यालाच सर्वांगाचा भार उचलावयास लावले.

या सर्व नावांत आघात आहे, वारा आहे; रक्त कोठेही नाही. रोग मेंदूतील रक्तप्रवाहाचा आहे ही जाणीव नावांहून फार उशिराची. स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन या गावच्या योहान याकोब वेप्फर याने १६५८ साली शवविच्छेदनाच्या आधारे दाखविले की, अशा रोग्यांच्या मेंदूत रक्तस्राव झालेला आढळतो. रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने मेंदूचा भाग मृत होतो, ही कल्पना एकोणिसाव्या शतकात फिरखोच्या संशोधनानंतर स्थिर झाली.

भविष्य वर्तविण्याची खटपट मात्र कारण कळण्यापूर्वीच सुरू झाली होती. हिपोक्रेटसच्या नावे असलेल्या सूत्रसंग्रहात तीव्र झटका बरा होत नाही आणि सौम्य झटकाही सहजासहजी बरा होत नाही, अशा आशयाचे सूत्र आहे. सुश्रुताच्या निदानस्थानातील विभागणी त्याहून सूक्ष्म आहे. केवळ वाताने झालेला पक्षाघात अत्यंत कष्टसाध्य, दुसऱ्या दोषाच्या संसर्गाने झालेला साध्य, आणि धातुक्षयाने झालेला असाध्य, असे तेथे म्हटले आहे. या विभागणीतील दोषविचार आज कोणी प्रमाण मानो वा न मानो, तिची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. हिपोक्रेटसचे सूत्र रोग किती जोराचा आहे एवढेच विचारते. सुश्रुत तो कोणत्या जातीचा आहे आणि ज्या शरीरावर आला त्याची अवस्था काय आहे, हेही विचारतो. रोग्याची मूळची शक्ती हा परिणामाचा एक घटक आहे, हे येथे स्पष्टपणे ओळखलेले दिसते. आजच्या भाकितसूत्रांतही रोग्याचे वय हा सर्वांत बलवान घटकांपैकी एक असतो.

डॉ. घोले यांच्यासमोर १८८८ साली कोणती साधने होती? रक्तदाब मोजण्याचे रीवा-रोच्चीचे दंडपट्ट्याचे उपकरण १८९६ मधले. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. मेंदूचे छेदचित्र घेणाऱ्या हाउन्सफील्डच्या यंत्राने पहिल्या रोग्याची तपासणी झाली ती १९७१ साली. झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे जिवंत रोग्याच्या बाबतीत खात्रीने ठरविण्याचा मार्गच नव्हता. जोतीरावांच्या बाबतीतही ते कोणास ठरविता आले नाही आणि आता येणार नाही. वैद्याला उरत होते ते डोळे, कान आणि हात : रोगी शुद्धीवर आहे काय, बोललेले समजते काय, बोलतो काय, बोटे हलतात काय.

यांपैकी बोलण्याविषयीचे ज्ञान त्या सुमारास फार वेगाने वाढत होते. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका याने वाचा गेलेल्या रोग्याच्या मेंदूचे परीक्षण करून डाव्या अर्धगोलाच्या पुढच्या भागातील विकृती दाखविली. १८७४ साली कार्ल वेर्निके याने दुसऱ्या प्रकारचे रोगी वर्णिले : ते अस्खलित बोलतात, पण बोलणे अर्थहीन होते आणि ऐकलेले समजत नाही. डावा अर्धगोल शरीराच्या उजव्या बाजूचे नियमन करतो आणि बहुसंख्य माणसांची भाषाही त्याच अर्धगोलात वसते. त्यामुळे उजव्या अंगाचा पक्षाघात आणि वाचाघात ही जोडी वारंवार एकत्र आढळते. जोतीरावांचे उजवे अंग गेले होते, आणि लिहिण्यासाठी डावा हात नव्याने वळवावा लागला त्या अर्थी ते उजव्या हाताने लिहिणारे होते. म्हणजे आघात डाव्या अर्धगोलावर झाला होता, आणि भाषेला धोका होता.

तो धोका प्रत्यक्षात उतरला काय, याला साक्षीदार आहे तो ग्रंथच. येथे वैद्यकाच्या इतिहासकाराला भाषाभ्यासकाची मदत होऊ शकते. रोमान याकोब्सन याने १९५६ मध्ये वाचाघाताचे दोन मूलभूत प्रकार मांडले. एकात शब्दांची निवड बिघडते : नेमके नाम सापडत नाही, त्याच्या जागी 'ते', 'वस्तू', 'तसे' अशी भरणी होते. दुसऱ्यात शब्दांची जुळणी बिघडते : वाक्य तुटते, संबंधदर्शक अव्यये व प्रत्यय गळतात, सुटी नामे मागे राहतात. मराठीसारख्या भाषेत, जेथे नामाला सामान्यरूप घेऊन विभक्ती लावावी लागते आणि क्रियापद लिंगवचनाने कर्त्याशी वा कर्माशी जुळवावे लागते, तेथे दुसऱ्या प्रकारचा विकार लेखनात लपून राहणे कठीण. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त यांपैकी कोणतीच खूण दिसत नाही. निर्मिक, स्त्रीपुरुषांचे समान अधिकार, नीती, जन्म-विवाह-मृत्यूचे संस्कार अशा विषयांवरील युक्तिवाद तेथे एका पायरीवरून दुसरीवर चढत जातो. वाक्ये उपवाक्यांनी भरलेली असतात आणि तरीही क्रियापदापर्यंत बिनचूक पोहोचतात.

एक शंका मात्र दूर केली पाहिजे. हा ग्रंथ प्रश्नोत्तररूप आहे. 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ मधील ग्रंथातील दीर्घ, अखंड गद्याशी त्याची तुलना केली, तर आजारामुळे लेखकाचा दम कमी झाला आणि म्हणून त्याने संवादाचा आश्रय घेतला, असा तर्क कोणी करील. तो टिकत नाही. १८७३ मधील 'गुलामगिरी'तही धोंडीबा आणि जोतीराव यांचा संवादच आहे. म्हणजे हा रचनाप्रकार त्यांच्या हाती पूर्वीपासून बसलेला होता. ग्रंथ दुसऱ्याच्या हस्ते दुरुस्त झाला असेल, असाही आक्षेप घेता येईल. परंतु संपादकाची दुरुस्ती प्रत्यय सुधारू शकते, शेकडो प्रश्नोत्तरांचा तर्कक्रम निर्माण करू शकत नाही. आणि ४ फेब्रुवारी १८८९ रोजी दत्तक पुत्र यशवंत याचा विवाह सत्यशोधक पद्धतीने लावण्यात आला, ही गोष्टही घरातील कर्त्या पुरुषाची विचारशक्ती शाबूत असल्याचेच दर्शविते.

उजवा हात कायमचा गेला, पण भाषा शाबूत राहिली, यावरून काय अनुमान निघते? मेंदूच्या पृष्ठभागावरील भाषाक्षेत्रे बहुधा वाचली असावीत, आणि आघात खोलवर, जेथे हातापायांकडे जाणारे तंतू एका अरुंद पट्ट्यात एकत्र येतात तेथे, झाला असावा. अशा ठिकाणची इजा आकाराने लहान असूनही पूर्ण अर्धांग निकामी करू शकते, कारण वाटच तेथे चिंचोळी असते. हे अनुमानच आहे. त्यापुढे जाण्यास पुरावा नाही. तथापि पुढच्या विवेचनासाठी ते पुरेसे आहे.

आता रक्ताकडे वळू. पूर्वी अशा रोग्याचे रक्त काढीत ते बाहेर टाकण्यासाठी. फासण्या, तुंबड्या, जळवा ही त्याची साधने. आता काही घनसेंटिमीटर रक्त काढतात ते वाचण्यासाठी. मेंदूतील पेशी मरू लागल्या की त्यांच्यातील प्रथिने रक्तात झिरपतात, आणि त्यांच्या प्रमाणावरून इजेचा अंदाज करावा, ही मूळ कल्पना साधी आहे. हृदयविकारात ट्रोपोनिन या प्रथिनाच्या मापनाने जे साधले, ते मेंदूच्या बाबतीत साधावे हा तिचा हेतू. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये नैसर्गिक पडदा असल्याने येथे काम अधिक कठीण आहे : प्रथिने उशिरा आणि विरळ होऊन बाहेर येतात.

या द्रव्यांपैकी काहींची नावे अभ्यासकांच्या परिचयाची झाली आहेत. 'एस१००बी' हे मेंदूतील आधारपेशींचे प्रथिन. १९६५ साली त्याच्या गटाचा शोध लागला, आणि अमोनियम सल्फेटच्या शंभर टक्के संपृक्त द्रावणातही ते विरघळलेले राहते म्हणून त्याला हे विलक्षण नाव मिळाले. झटक्यानंतर दोनतीन दिवसांनी त्याचे प्रमाण कमाल होते आणि मृत भागाच्या आकारमानाशी ते बऱ्यापैकी जुळते. त्याच पेशींतील दुसरे प्रथिन, संक्षेपाने 'जीएफएपी', रक्तस्राव झाला असता पहिल्या काही तासांतच झपाट्याने वाढते. त्यामुळे रक्तस्राव आणि गुठळी यांत भेद करण्यास त्याचा उपयोग होण्याची आशा आहे. डॉ. घोल्यांना जो भेद करणे अशक्य होते, तोच हा. 'न्यूरोफिलामेंट लाइट' हे तंत्रिकातंतूंच्या सांगाड्याचे प्रथिन सावकाश, आठवड्यांच्या गतीने चढते आणि महिनोन्‌महिने रेंगाळते. 'कोपेप्टिन' हे मेंदूतून मुळीच झिरपत नाही. शरीरावरील ताणाबरोबर स्रवणाऱ्या एका संप्रेरकाचा तो जोडीदार. २००९ साली बाझेल येथील संशोधकांनी दाखविले की, त्याचे प्रमाण अधिक असलेल्या रोग्यांची पुढील तीन महिन्यांतील स्थिती अधिक वाईट होती.

या शोधांचे मूल्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यांचे भाकित खाटेशेजारी करावयाच्या साध्या परीक्षेहून किती पुढे जाते, हा खरा प्रश्न होय. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एडिंबरो येथील अभ्यासात दाहाचे निदर्शक इंटरल्यूकिन-६ आणि हृदयावरील भाराचे निदर्शक एनटी-प्रोबीएनपी या दोहोंचा वाईट परिणामाशी संबंध स्पष्ट आढळला. तथापि रोग्याचे वय आणि झटक्याची तीव्रता आधीच ठाऊक असता या मापनांनी भाकितात व्यवहारोपयोगी अशी भर पडली नाही. याउलट २०१० साली नेदरलँड्समधील संशोधकांनी दोन हालचालींची परीक्षा घेतली : खांदा बाजूला उचलता येतो काय आणि बोटे सरळ करता येतात काय. दुसऱ्या दिवशी ज्यांना दोन्ही थोडीफार जमत होती, त्यांच्या हाताला सहा महिन्यांनी काही प्रमाणात कौशल्य परत येण्याची शक्यता ९८ टक्के निघाली. ज्यांना एकही जमत नव्हती, त्यांच्या बाबतीत २५ टक्के. या परीक्षेला ना यंत्र लागते ना रसायन. १८८८ च्या पुण्यात ती घेता आली असती. तिचा अर्थ लावणारे आकडे तेवढे नव्हते.

समजा, जुलै १८८८ मध्ये जोतीरावांचे रक्त आजच्या प्रयोगशाळेत तपासता आले असते. वर केलेले अनुमान बरोबर असेल आणि इजा लहान पण खोल असेल, तर मृत पेशींची संख्या थोडी, म्हणून झिरपलेले प्रथिनही थोडे. आकडा सौम्य आला असता आणि हात तरीही गेलाच असता. तेच दुसऱ्या एखाद्या रोग्याच्या उजव्या अर्धगोलाच्या पुढील भागात मोठी इजा झाली, तर आकडा चढेल, पण त्याचे बोलणे कदाचित शाबूत राहील. रक्त 'किती' मेले ते सांगते. 'कोठे' मेले ते त्याला ठाऊक नसते, कारण सर्व बाजूंचे रक्त एकाच प्रवाहात मिसळून दंडाच्या शिरेत येते. 'कोठे' हे छेदचित्र सांगते आणि, छेदचित्र नसेल तेथे, रोग्याची हालचाल व भाषा सांगतात.

दुसरी अडचण 'परत येणे' या शब्दातच आहे. या अभ्यासांत परिणाम बहुधा ज्या मापाने मोजतात, त्याचा मूळ आराखडा ग्लासगोच्या जॉन रँकिन यांनी १९५७ साली केला. त्याच्या सुधारित रूपात शून्य म्हणजे काहीही लक्षण नाही, सहा म्हणजे मृत्यू. आणि मधल्या पायऱ्या मुख्यतः चालणे व स्वतःची दैनंदिन कामे करणे यांवरून ठरतात. अनेक प्रयोगांत शून्य ते दोन हा 'चांगला' परिणाम मानतात आणि तीनपासून पुढे 'वाईट'. जोतीराव या मापावर तीन किंवा चार या पायरीवर बसले असते, म्हणजे त्यांची गणना वाईट परिणामात झाली असती. त्या पायरीवरच त्यांनी आयुष्यातील सर्वांत विस्तृत तत्त्वविचार लिहून काढला. माप चुकीचे आहे असे यावरून ठरत नाही. शुश्रूषा करणाऱ्याला नेमके तेच हवे असते, कारण रोग्याला उठवून बसवावयाचे तो लेखक आहे की शेतकरी यावर अवलंबून नसते. पण रक्तातील द्रव्य कोणत्या 'बरे होण्या'चे भाकित करते हे प्रत्येक वेळी विचारले पाहिजे. मराठीत 'हात आला', 'वाचा आली', 'माणूस उठला' हे तीन वेगळे प्रयोग आहेत आणि बोलणारा त्यांची गल्लत करीत नाही. संशोधनाच्या कोष्टकात ते एका आकड्यात विरून जातात.

भाषा किती परत येईल याचे स्वतंत्र भाकित रक्तावरून करण्याचे प्रयत्न अजून बाल्यावस्थेत आहेत. त्यासाठी लागणाऱ्या भाषापरीक्षा बहुतांश इंग्रजी व युरोपीय भाषांच्या घडणीवर बेतलेल्या असतात. सामान्यरूप, कर्मणि प्रयोगातील क्रियापदाची जुळणी, 'ने' आणि 'ला' यांचा वापर अशा मराठीच्या कणखर जागा तपासल्यावाचून मराठी रोग्याच्या वाचेची हानी पुरती मोजता येणार नाही. आणि हानीच मोजता आली नाही, तर तिच्याशी रक्तातील आकडा जुळतो की नाही हे तपासावे कशाशी? हे काम वैद्यकाचे विद्यार्थी एकटे करू शकत नाहीत.

नायगावच्या लेकीने या सव्वादोन वर्षांत घर सांभाळले व रोग्याची शुश्रूषा केली. आर्थिक ओढ इतकी होती की, नारायण महादेव परमानंद यांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. हस्तलिखित पुरे झाले तरी जोतीरावांच्या हयातीत छापले गेले नाही; १८९१ मध्ये यशवंताने ते प्रसिद्ध केले. हा यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात त्याच्या पुण्याबाहेरील दवाखान्यात रोगी पोहोचवीत असता सावित्रीबाईंना लागण होऊन १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला.